विषारी शेवाळ आणि सागरी सस्तन प्राणी: मेलेले मोजले जातात, बाकीच्यांचं काय?

जलवेडी

1998 च्या मे-जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागराच्या आसपास समुद्रसिंह किनाऱ्यावर येऊन पडू लागले. अंगावर जखमा नाहीत, उपासमारीची लक्षणं नाहीत. चांगले धष्टपुष्ट प्राणी, त्यातही बऱ्याचशा प्रौढ माद्या आणि कित्येक गाभण. मान एकाच लयीत डावी-उजवीकडे हलवत राहायची, मग आकडी. चारशेहून जास्त प्राणी मेले. कारण निघालं स्यूडो-निच्चिया नावाचं डायटम, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखं दिसणारं एकपेशीय शेवाळ. ते डोमोइक आम्ल नावाचं विष तयार करतं. मांदेलीच्या कुळातले अँचोव्ही मासे पाणी गाळून हे शेवाळ खातात आणि समुद्रसिंह ते मासे अख्खे गिळतात.

ही घटना बऱ्याच जणांनी वाचलेली असेल. धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. अशा बातम्यांत दर वेळी एकच आकडा ठळक असतो, किती मेले. मला तो आकडा सगळ्यात कमी बोलका वाटतो. जे मेले नाहीत आणि पोहत परत समुद्रात गेले, त्यांच्या मेंदूचं, हृदयाचं, पोटातल्या पिल्लाचं काय झालं? यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत बरंच काम झालंय. इथे डॉक्टर आहेत, प्राण्यांचे डॉक्टर आहेत, रसायनवाले आहेत. लिहा.

मुक्ताफळे

शेवाळाची आमची ओळख पाय घसरण्यापुरतीच. पण एक कळलं नाही. ज्या माशाच्या पोटात विष आहे तो मजेत पोहतोय आणि त्याला खाणारा तडफडून मरतोय, हे कसं काय?

रसायनवाला

मुक्ताफळे, प्रश्न बरोबर जागी आहे. अँचोव्हीच्या शरीरात हे विष मुख्यतः आतड्यात, नुकत्याच खाल्लेल्या शेवाळासोबत असतं, मांसात फार कमी उतरतं. माणसं मासा साफ करून खातात. समुद्रसिंहाला कोण साफ करून देणार!

आता विष काय करतं ते. डोमोइक आम्लाची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. मेंदूतली एक पेशी दुसरीला 'जागी हो' असा निरोप देते तो ग्लुटामेटच्या हातून. ग्लुटामेट येतं, काम करतं आणि लगेच उचललं जातं. डोमोइक आम्ल मात्र त्याच जागी बसतं आणि हलत नाही. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं. पेशी सतत उत्तेजित राहते, आत कॅल्शियम शिरत जातं आणि शेवटी ती मरते. ज्या भागात अशा जागा दाटीने असतात तो भाग आधी जातो, आणि तो म्हणजे हिप्पोकॅम्पस. स्मृती आणि दिशाज्ञान तिथलं काम.

हे विष माणसांत आधी पकडलं गेलं. 1987 साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, तिघे दगावले, आणि काही जणांची अलीकडची स्मृती कायमची गेली. शिंपले शिजवलेले होते की नाही याने फरक पडत नाही, उष्णतेने हे विष मोडत नाही.

डॉ_निवांत

रसायनवाल्यांनी नेमकं लिहिलंय, एक भर घालतो. 1987 च्या रुग्णांतले एक वृद्ध गृहस्थ सुरुवातीच्या झटक्यांतून सावरले आणि साधारण वर्षभराने त्यांना टेम्पोरल लोब एपिलेप्सी, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून उठणारी आकडी, सुरू झाली. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला सापडला. मधला काळ ते वरवर ठीक होते. समुद्रसिंहांतही असेच दोन प्रकार दिसतात. एक तीव्र, विषबाधेच्या दिवसांतला. दुसरा महिन्यांनी सुरू होणारा, जेव्हा समुद्रात शेवाळाचा मागमूस नसतो आणि रक्तात-लघवीत विषाचा थेंब सापडत नाही. प्राणी मात्र एकटाच कुठेतरी, भलत्याच ठिकाणी वर आलेला असतो, आणि त्याला झटके येत असतात.

जलवेडीताईंचा मुद्दा मला इथे पटतो. पहिल्या लाटेत जो 'वाचला' म्हणून नोंदला गेला, तो दुसऱ्या यादीत दुसऱ्या कारणाने मेलेला सापडू शकतो.

सागरगोटा

सगळं वाचलं. पण नेहमीप्रमाणे 'माणसाने समुद्र बिघडवला' या वळणावर गाडी जाणार, म्हणून आधीच बोलून ठेवतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात सेरो बालेना नावाची जागा आहे. महामार्गाच्या कामात तिथे व्हेलचे सांगाडे निघाले, चाळीसहून जास्त सागरी सस्तन प्राण्यांचे, एकावर एक चार वेगवेगळ्या थरांत. वय साधारण 60 ते 90 लाख वर्षं. चार वेळा तेच घडलंय, म्हणजे एखाद-दुसरा अपघात नव्हे. 2014 साली अभ्यासकांनी जो निष्कर्ष मांडला तो हाच, विषारी शेवाळाचा. तेव्हा कुठली खतं आणि कुठलं सांडपाणी?

जलवेडी

सागरगोटा, गाडी त्या वळणावर नेलेली नाही, पण तुम्ही आणलीच आहे तर थोडं. सेरो बालेना मला मान्य आहे, फक्त तिथे विष हाती लागलेलं नाही, हाडांच्या मांडणीवरून काढलेलं अनुमान आहे ते.

आणि सगळी शेवाळं एका मापाने मोजता येत नाहीत. स्यूडो-निच्चियाचे बहर बव्हंशी खोल पाण्यातून वर येणाऱ्या पोषकद्रव्यांवर होतात, म्हणजे निसर्गाच्याच व्यवहारावर. फ्लोरिडाची लाल भरती, म्हणजे पाणी तांबूस करणारा शेवाळाचा बहर, आणणारं करेनिया ब्रेव्हिस किनाऱ्यापासून दूर सुरू होतं, किनाऱ्याजवळ आल्यावर जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनने ते लांबू शकतं. खाजणांत आणि सरोवरांत मात्र खत आणि मैला यांचा हात उघड आहे. शिवाय पाण्याचं तापमान. 2015 साली ईशान्य प्रशांत महासागरात गरम पाण्याचा प्रचंड पट्टा होता तेव्हा स्यूडो-निच्चिया कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत पसरलं. खेकड्यांचा हंगामसुद्धा पुढे ढकलावा लागला. तुमच्या 60 लाख वर्षांपूर्वीच्या व्हेलना यातलं काही नडलं नसेल. आजच्यांना नडतंय.

अनघड

मॅनाटी, म्हणजे त्या अवाढव्य समुद्रगाई, तर गवत खातात ना? मग मासे न खाता ते लाल भरतीत इतके कसे मरतात?

प्राणीवैद्य

दोन्ही वाटांनी, अनघड. श्वासातून आणि गवतातून.

करेनिया ब्रेव्हिसच्या पेशीला टणक कवच नसतं. लाटांच्या फेसात ती फुटते, तिच्यातली ब्रेव्हिटॉक्सिनं पाण्यात आणि फवाऱ्याच्या थेंबांतून हवेत जातात. किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसांना नुसता खोकला येतो, दमेकऱ्यांना जास्त त्रास. मॅनाटीचं नाक मात्र नेमकं पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेलं. डॉल्फिनचंही तसंच, आणि तो एका श्वासात फुप्फुसातली तीन चतुर्थांशाहून जास्त हवा बदलतो. 1996 साली नैऋत्य फ्लोरिडात 149 मॅनाटी मेले तेव्हा फुप्फुसं आणि नाकाच्या पोकळीतला दाह हीच ठळक खूण होती.

दुसरी वाट समुद्री गवताची. विष गवताच्या पानांवर, त्यावर चिकटून वाढणाऱ्या बारीकसारीक जीवांत साठून राहतं. बहर ओसरतो, पाणी नितळ होतं, पर्यटक परततात आणि नंतर मॅनाटी मरायला लागतात. 2002 साली असं झालंय. 2004 साली फ्लोरिडाच्याच वायव्य किनाऱ्यावर 107 डॉल्फिन मेले, तेव्हाही पाण्यात बहर नव्हता. त्यांच्या पोटात मेनहेडन मासे होते आणि त्या माशांत ब्रेव्हिटॉक्सिन ठासून भरलेलं. 'मासा विष खाऊन मरून जातो, मग साखळीत पुढे जाणार कसा' असं तोवर बऱ्याच जणांना वाटायचं. त्या घटनेने ते मत बदललं.

विषाची करामत अशी. नसांच्या पडद्यात सोडियमची दारं असतात, ब्रेव्हिटॉक्सिन ती उघडीच ठेवतं. स्नायूंवरचा ताबा सुटतो. मॅनाटी बहुतेकदा विषाने थेट मरत नाही, तर तोंड पाण्याबाहेर काढता न आल्याने बुडतो. अगदी उथळ पाण्यात. म्हणून उपचाराचा पहिला भाग औषध नव्हेच. त्याला उथळ टाकीत ठेवायचं आणि डोकं वर धरून राहायचं. माणसं तासन् तास पाण्यात उभी राहतात. तेवढं जमलं तर बरेच मॅनाटी काही दिवसांत सावरतात. समुद्रसिंहाच्या मेंदूचं जे होतं त्यामानाने हे फारच सुदैवी विष म्हणायचं.

2013 मध्ये एकाच लाल भरतीने 270 हून जास्त मॅनाटी गेले, तेव्हा मात्र हात धरायला माणसं कुठे पुरणार.

सागरगोटा

वैद्यबुवा, हे पटलं. पण एक खटकतं. बहर आला आणि प्राणी मेले, म्हणजे बहरानेच मेले, असं धरलं जातं का? पुरावा म्हणून नक्की काय लागतं तुम्हाला?

प्राणीवैद्य

लागतं बरंच, मिळतं कमी.

डोमोइक आम्ल पाण्यात विरघळणारं आहे. प्राणी ते लघवीवाटे झपाट्याने बाहेर टाकतो, रक्तातून तर फारच लवकर जातं. म्हणजे किनाऱ्यावर सापडलेल्या प्राण्याची लघवी, विष्ठा, जठरातला ऐवज लगेच घेतला तरच विष हाती येतं. शव दोन दिवस उन्हात पडलं की संपलं. मग हिप्पोकॅम्पसच्या पेशी बघायच्या, हृदयाचा स्नायू बघायचा. हो, हृदयसुद्धा. कॅलिफोर्नियाच्या समुद्री पाणमांजरांत डोमोइक आम्लामुळे हृदयाचा स्नायू निकामी होण्याचा आजार चांगलाच नोंदलेला आहे. गाभण मादी असेल तर गर्भजल हमखास तपासायचं. आईच्या रक्तातून विष गेलेलं असतं, पण गर्भजलात ते रेंगाळतं, कारण गर्भ ते पुन्हा पुन्हा गिळत राहतो. गर्भपात याच विषाने झाल्याचं अशा तपासणीतून कळलं.

व्हेलच्या बाबतीत तर दैना. 1987 च्या नोव्हेंबरपासून पाचेक आठवड्यांत अमेरिकेच्या केप कॉडजवळ 14 हंपबॅक व्हेल मेले. पोटात बांगड्याच्या कुळातले मॅकरेल. त्या माशांच्या यकृतात सॅक्सिटॉक्सिन सापडलं, हे अलेक्झांड्रियम नावाच्या शेवाळाचं विष, ते सोडियमची दारं बंद करतं. संशोधकांनी हिशोब केला की माणसाला मारायला लागणाऱ्या प्रमाणापेक्षा वजनाच्या हिशोबाने व्हेलला मिळालेलं विष कमीच होतं. तरीही मेले. त्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला अजून आवडतं. व्हेल बुडी मारतो तेव्हा रक्त यकृत-मूत्रपिंडांकडून काढून मेंदू आणि हृदयाकडे वळवतो. म्हणजे विष निकामी करणारे अवयव बंद आणि ज्यांना विष झोंबतं त्यांना पुरवठा चालू. शिवाय खाली खोल असताना क्षणभर अंग लुळं पडलं तरी पुरे.

2015 मध्ये चिलीच्या दक्षिण पॅटागोनियात किमान 343 व्हेल मेलेले सापडले, बहुतांश सेई जातीचे. जागा इतकी दुर्गम की विमानातून आणि उपग्रहाच्या चित्रांतून मोजावे लागले. माणसं पोचली तोवर शवं कुजलेली. विषारी शेवाळावर संशय दाट आहे, त्या भागातल्या शिंपल्यांत सॅक्सिटॉक्सिन होतं, पण शिक्का मारावा असा पुरावा नाही.

सागरगोटा

आणि मंक सीलचं प्रकरण तुम्ही सोडून दिलंत. 1997, आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं केप ब्लांक. भूमध्य मंक सील, जगातल्या सर्वांत दुर्मिळ सीलांपैकी एक. त्या वसाहतीतले सुमारे दोन तृतीयांश दोनेक महिन्यांत मेले. संशोधकांच्या एका गटाला प्राण्यांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या जातीचा विषाणू सापडला, दुसऱ्याला सॅक्सिटॉक्सिन. दोघांनीही छापलं.

प्राणीवैद्य

सोडलं नव्हतं, त्यावर वेगळा धागा निघेल. माझं झुकतं माप विषाकडे आहे. विषाणूने मेलेल्या सीलांत फुप्फुसाचे जे बदल दिसायला हवेत ते दिसले नव्हते, आणि मेले ते मुख्यतः प्रौढ, म्हणजे स्वतः मासे पकडून खाणारे. विषाणूची साथ असती तर पिल्लं आधी गेली असती. पण तुमची शंका घेण्याची पद्धत योग्यच आहे. दोन्ही एकत्र असूच शकत नाही असंही कुणी म्हणू नये.

मुक्ताफळे

म्हणजे गोड्या पाण्याच्या बाजूचे प्राणी तरी सुखी म्हणायचे. एवढं एक ऐकून झोपतो.

रसायनवाला

झोपू नका मुक्ताफळे. मॉन्टेरे उपसागरातच 21 समुद्री पाणमांजरांचं यकृत मायक्रोसिस्टिनने निकामी झाल्याचं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. मायक्रोसिस्टिन हे गोड्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष. ते आलं कुठून, तर जमिनीवरच्या पिंटो नावाच्या तळ्यातून आणि नद्यांमधून. पाणमांजर शिंपले आणि कालवं खातं, ते पाणी गाळतात आणि विष साठवून ठेवतात. तोवर खाऱ्या पाण्यात मायक्रोसिस्टिन फारसं कुणी शोधत नव्हतं.

शिंपल्यांवरून आठवलं. अलेक्झांड्रियमचे बहर वारंवार येणाऱ्या भागात एका जातीच्या शिंपल्यांच्या सोडियम-दारांत असा बदल झालाय की सॅक्सिटॉक्सिन तिथे नीट बसतच नाही. ते मजेत जगतात, आणि म्हणूनच जास्त विष साठवतात. सस्तन प्राण्यांना ही सोय झालेली नाही. एवढ्या लांब पिढ्या असताना इतक्यात होणारही नाही.

जलवेडी

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. 2015 साली एक अभ्यास आला. कॅलिफोर्नियात उपचारासाठी आणलेल्या समुद्रसिंहांचे एमआरआय काढले आणि त्यांना अन्न कुठे आहे ते लक्षात ठेवण्याचे सोपे खेळ दिले. ज्यांचा उजवा हिप्पोकॅम्पस जास्त खराब, ते जागा लक्षात ठेवण्यात जास्त चुकले. समुद्रसिंहाचं पोट या एका गोष्टीवर चालतं, मासे कुठे आणि परतीची वाट कुठली. असा प्राणी झटक्याने मरणार नाही. तो हळूहळू उपाशी पडेल आणि नोंद होईल 'कुपोषण' म्हणून.

दुसरं म्हणजे 2016 चं अलास्काचं काम. 13 जातींच्या 905 प्राण्यांचे नमुने तपासले. डोमोइक आम्ल तेराही जातींत सापडलं, सॅक्सिटॉक्सिन दहांत. व्हेल, वॉलरस, सील, पाणमांजर, सगळे.

डॉ_निवांत

दुसऱ्या कामाबद्दल सावध राहायला हवं. विष सापडणं आणि आजारी पडणं यात अंतर आहे. त्यातल्या बहुतेक प्राण्यांत प्रमाण कमी होतं आणि विषबाधेची लक्षणं नव्हती. त्यातून कळतं ते एवढंच, की उत्तरेच्या थंड पाण्यातही हे विष अन्नसाखळीत आहे. पण थोडं थोडं, वर्षानुवर्षं, गर्भापासून मिळत राहिलं तर? वाढत्या मेंदूला ग्लुटामेटचा गोंधळ प्रौढ मेंदूपेक्षा जास्त नडतो, हे प्रयोगशाळेतल्या उंदरांत स्पष्ट आहे. व्हेलच्या पिल्लात ते कोण मोजणार.

अनघड

एक राहिलं. फ्लोरिडात 2021 मध्ये हजारावर मॅनाटी मेले ते विषानेच ना?

जलवेडी

नाही, आणि म्हणूनच ते उदाहरण महत्त्वाचं. त्या वर्षी राज्यभरात सुमारे 1,100 मॅनाटी मेले, त्यांतले फार मोठ्या संख्येने अटलांटिक बाजूच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये, आणि भुकेने. तिथे शेवाळाचे बहर वर्षानुवर्षं येत राहिले, पाणी गढूळ झालं, तळापर्यंत ऊन पोचेना आणि समुद्री गवत मेलं. थंडीत मॅनाटी उबदार पाण्याजवळ गोळा होतात, तिथून दूर चरायला जाऊ शकत नाहीत. शेवटी सरकारी यंत्रणेने त्यांना लेट्यूस खायला घातलं, दोन हिवाळे. पहिल्या हिवाळ्यात जवळपास 90 टन. वन्य प्राण्याला हाताने चारा घालू नये हा नियम तिथे किती कडक आहे ते पाहिलं तर या निर्णयामागची हतबलता कळते.

शेवाळ विषारीच असायला हवं असं नाही. सावली पाडली तरी पुरतं.

मुक्ताफळे

झोप उडवलीत. आता एखादी बरी बातमी द्या.

प्राणीवैद्य

एक आहे. क्रोनट नावाचा समुद्रसिंह, डोमोइक आम्लानंतर आकडी जडलेला. औषधांना दाद देईना, खाणं सोडलेलं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये डुकराच्या भ्रूणातल्या मेंदूच्या पेशी सोडल्या, मेंदूतली उत्तेजना आवरणाऱ्या प्रकारच्या. पुढच्या वर्षभरात त्याचे झटके थांबले, तो खाऊ लागला. एकच प्राणी आहे, त्यावरून फार मोठं काही म्हणू नये. आणि दर बहरात शेकड्यांनी येणाऱ्या प्राण्यांवर हे करता येणार नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात 2025 चा बहर हा ओळीने चौथ्या वर्षाचा होता.

नेहमीचा उपचार साधाच. झटके थांबवणारं औषध, शिरेतून किंवा कातडीखाली भरपूर द्रव, अंधारी शांत जागा. मग काही आठवडे लक्ष ठेवायचं. नवीन झटका नाही, स्वतः मासा पकडतोय, वजन वाढतंय, तर पाठीवर किंवा वल्ह्यासारख्या पायावर खूण करून सोडायचं. सोडलेल्यांतले काही पुन्हा किनाऱ्यावर येतात, खुणेवरून ओळखू येतात. मग त्यांना सोडायचं नाही हे ठरतं, कारण दिशा हरवलेला प्राणी समुद्रात टिकत नाही.

कधी कुणाला असा प्राणी वाळूत दिसला तर पाण्यात ढकलू नका. आकडीत तो बुडेल. अंगावर पाणी ओतू नका, खायला घालू नका, लांब उभे राहा, कुत्री आवरा आणि तिथल्या बचाव केंद्राला कळवा. गुंगीत पडलेला दिसला तरी जवळ जाऊ नका, या विषाने समुद्रसिंह अचानक चवताळून चावतात.

अनघड

आणि व्हेल असेल तर?

प्राणीवैद्य

तेच. फक्त आणखी लांबून, आणि शेपटीच्या बाजूला अजिबात नाही.